पांढरे हातमोजे आणि पत्री

एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये एक गमतीशीर प्रथा होती. न्यायाधीश फिरतीवर जिल्ह्याच्या गावी यायचे आणि त्या खेपेला चालवायला एकही फौजदारी खटला नसला, की त्यांना पांढऱ्या हातमोज्यांची जोडी भेट द्यायची. प्रथा इंग्लंडातही होती, पण वेल्सच्या खेड्यापाड्यांत अशी वेळ इतकी वारंवार यायची, की लोक वेल्सला 'पांढऱ्या हातमोज्यांचा देश' म्हणायला लागले. म्हणजे बघा, गुन्हाच नाही. कुलूप न लावता झोपा.

आता त्याच वेल्सची दुसरी बाजू. पश्चिम वेल्समध्ये १८३९ पासून शेतकरी रात्री बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून निघायचे आणि रस्त्यावरचे टोलनाके कुऱ्हाडीने फोडायचे. म्होरक्याचं नाव 'रिबेका', बाकीच्या तिच्या मुली! (टोलनाका फोडण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही, पण साडी नेसून हे कुणाला सुचलं नव्हतं.) १८४३ मध्ये हे प्रकरण शिगेला पोचलं. तोपर्यंत रिबेका नुसते नाके फोडत नव्हती, ती गावातले न्यायनिवाडेही करायला लागली होती. पोरीला फसवून मूल नाकारणाऱ्याच्या दारात जाऊन त्याला जाब विचारायची. ही रीत त्यांच्याकडे जुनीच होती. त्याला 'केफिल प्रेन' म्हणजे लाकडी घोडा म्हणत. बायकोला मारणाऱ्याची किंवा लफडेबाजाची रात्री वाजतगाजत धिंड काढायची. कधी त्याचा पुतळा, कधी तो स्वतः. दुसऱ्या दिवशी कोर्टात कोण कशाला जातंय?

तर हातमोजे पांढरे राहण्याचं एक कारण असं होतं. गावात भांडण व्हायचं, चोरी व्हायची, मारहाणही व्हायची, ती सरकारच्या वहीत चढायची नाही एवढंच.

हे वाचलं तेव्हा मला आमचा वाळवा तालुका आठवला. तालुक्याचं ठिकाण इस्लामपूर (२०२५ मध्ये राज्य सरकारने ईश्वरपूर हे नाव जाहीर केलं, पण जुन्या गोष्टी सांगतोय म्हणून जुनंच नाव ठेवतो). आमच्या भागात वडीलधाऱ्यांशी बोलताना एक वाक्य हमखास येतं, 'पत्री सरकारात चोरीमारी नव्हती.' आणि सरकारी दृष्टीने बघाल तर १९४३ ते १९४६ एवढा बेकायदा काळ या भागाने दुसरा पाहिला नसेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? गुन्हा मोजतो कोण आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून आहे.

थोडं मागं जाऊ. पेशवाई गेली आणि एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणीची पद्धत दिलेली आहे आणि ती खरोखर बघण्यासारखी आहे. गावात पाटील. त्याच्या हाताखाली राखणदार. हे बहुतेक रामोशी, मांग, काही भागांत भिल्ल. गावात चोरी झाली तर राखणदाराने चोराचा माग काढायचा. पावलांचे ठसे बघायचे, काडीने लांबी मोजायची आणि ठसा जिकडं जाईल तिकडं जायचं. माग आपल्या शिवेपर्यंत आणून दाखवला आणि तो पुढच्या गावच्या हद्दीत शिरला, की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर. तो पुढं नेणार. असा माग हातोहात फिरत जायचा आणि ज्या गावात विरला त्या गावावर चोरी भरून देण्याची पाळी. राखणदाराच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून, उरलेलं गावाकडून.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे तिकीट एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे ढकलण्यासारखं आहे. फरक एवढाच की इथं ढकलताना पुरावा दाखवावा लागायचा, आणि जिच्याकडे तिकीट अडकलं तिच्या खिशातून पैसे जायचे. आमच्या ऑफिसात हा नियम आणला तर अर्धे बग उद्या बंद होतील! असो.

या पद्धतीतली एक मेख मात्र विसरता येत नाही. गावाची राखण ज्यांच्यावर सोपवलेली, ते स्वतः गावकुसाबाहेर. त्यांचं बलुतं थकलं, वतन गेलं की पोटाला काय? इंग्रजी अमलात नवी पोलीस व्यवस्था आली, राखणदारीचं काम आणि हक्क आटत गेले, आणि कालचा राखणदार आज संशयित झाला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला तो उत्तर हिंदुस्थानपुरता, १९११ च्या कायद्याने तो सगळीकडे लागू करता येऊ लागला. एखादी जमात एकदा नोंदली की त्या घरात जन्मलेलं पोर जन्मतःच सरकारी यादीत. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, परगावी जायचं तर दाखला घ्यायचा. माग काढणाऱ्यांचेच ठसे घेतले गेले.

वाळव्याशी याचा संबंध अगदी थेट आहे. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०. त्यांची 'फकिरा' कादंबरी १९५९ ची. तिचा नायक खरा माणूस होता, याच मातीतला. दुष्काळात माणसं उपाशी मरत होती तेव्हा धान्य आणि सरकारी खजिना लुटून त्याने वाटला. अण्णाभाऊंचा जन्म झाला तेव्हा फकिराने लुटीतले ओंजळभर रुपये बाळंतिणीच्या घरी दिले, असं सांगतात. कादंबरीत हजेरीचा जाच आहे, तो कल्पनेतून आलेला नाही. सरकारी कागदात फकिरा दरोडेखोर. वाटेगावात कुणालाही विचारा.

आता पत्री सरकार. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंड्या आणि बारपटे हे दोघे गेले. पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर होते. आदल्या दिवशी वडूजलाही गोळीबार झाला होता. मोर्चे काढून भागत नाही हे दिसल्यावर माणसं भूमिगत झाली आणि पुढच्या वर्षी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. (तेव्हा वाळवा साताऱ्यातच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं.) नेते क्रांतिसिंह नाना पाटील, येडेमच्छिंद्रचे. हा माणूस आधी सरकारी तलाठी होता, हे मला फार आवडतं. सरकार कसं चालतं हे आतून पाहिलेला!

सगळ्यांना रेल्वे आणि खजिना आठवतो. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना, साडेपाच लाख रुपये. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही आपल्याकडची मंडळी त्यात होती. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, अशी दंडविधानातली व्याख्या. म्हणजे कागदोपत्री हे दरोडेच. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, रामचंद्र लाड, २०२२ मध्ये शंभरीत गेले. त्यांच्यासमोर कुणी 'लूट' म्हटलं की ते चिडायचे. लोकांचाच पैसा होता, तो परत आणला, असं त्यांचं म्हणणं.

पण गावकऱ्याच्या रोजच्या जगण्यात खजिन्याने काय फरक पडला? फरक पडला तो दरोडेखोरांच्या बंदोबस्ताने. चळवळीने सरकारी यंत्रणा खिळखिळी केली, पोलीस भूमिगतांच्या मागे, आणि त्या पोकळीत दरोडेखोर टोळ्यांचं फावलं. काही तर चळवळीचं नाव सांगूनच लुटायच्या. भूमिगतांना आसरा देणारं घर रात्री भलत्याच माणसाने लुटलं, तर पुढच्या वेळी ते दार कोण उघडणार? त्यामुळे आधी टोळ्या मोडणं हा चळवळीच्या जिवाचा प्रश्न होता. त्या मोडल्या. मग सावकार, मग बायकांवर हात टाकणारे, मग बांधाची भांडणं, गावोगाव न्यायदान मंडळं. कोर्टात वर्षानुवर्षं रखडणारा वाद एका बैठकीत मिटायचा, वकील नाही, स्टँप नाही. दारूबंदी, बिनहुंड्याची साधी 'गांधी लग्नं', वाचनालयं हेही याच सरकारचं काम.

आणि शिक्षा? तळपायावर काठीचे फटके. जनावराला नाल ठोकतात त्याला पत्री म्हणतात, त्यावरून 'प्रति'चं 'पत्री' झालं आणि खरंच पायाला पत्री ठोकतात अशी दंतकथा पसरली. दंतकथेनेही निम्मं काम केलं असणार. माझ्या मते चोऱ्या थांबण्यात न्यायाचा वाटा होता तेवढाच या भीतीचा होता.

इथं माझं मन थोडं अडतं. अपील कुठं करायचं? खबऱ्या म्हणून कुणी कुणाचं नाव घेतलं आणि तो खबऱ्या नसलाच, तर? प्रतिसरकारच्या पुढाऱ्यांना याची जाणीव नव्हती असं नाही. हिशेब, शिस्त, चारित्र्य यावर त्यांचा कटाक्ष होता आणि एवढं सामर्थ्य हातात असून बहुतेकांनी स्वतःचं घर भरलं नाही. पण ती व्यवस्था त्या माणसांवर टिकून होती, नियमांवर कमी. १९४६ मध्ये मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली, नाना पाटील उघड झाले आणि प्रतिसरकार संपलं. नंतर काही गावांत जुनी वैरं आणि नवं राजकारण एकत्र आलं. कासेगावचे बाबूजी पाटणकर हे प्रतिसरकारचे बिनीचे कार्यकर्ते, १९५२ मध्ये त्यांचा खून झाला. पुढे बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर खून करून वर्षानुवर्षं फरारी राहिले. गावोगाव लोकांनी त्यांना भाकरी दिली, लपवलं. जन्मठेप भोगून आल्यावर ते व्यसनमुक्तीवर बोलत फिरायचे, २०१८ मध्ये वारले. त्यांच्यावर पोवाडे आहेत, सिनेमा आहे. आया-बहिणींच्या अब्रूसाठी उभा राहिला, असं लोक सांगतात. म्हणजे १९४६ नंतरही लोकांना पोलीस ठाण्यापेक्षा फरारी माणूस जवळचा वाटत होता. हे बापूंचं कौतुक म्हणून ठीक आहे, पोलीस ठाण्याबद्दल ते काय सांगतं?

देशात १९५३ पासून दरवर्षी गुन्ह्यांची अधिकृत आकडेवारी निघते. तिच्यात मोजला जातो तो नोंदवलेला गुन्हा. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गृहमंत्री आर. आर. आबा, तेही आपल्याच जिल्ह्यातले, अंजनीचे. कल्पना चांगली होती. तंटे गावातच मिटवा, लोकसंख्येप्रमाणे बक्षीस घ्या. बांधाचे, वाटपाचे कितीतरी वाद खरंच मिटले. पण ज्यांनी कधी 'क्लोज्ड बग'च्या संख्येवर बोनस मिळताना पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई आणि गाव तंटामुक्त व्हायला उरलेला एक महिना, अशा वेळी समिती तिला काय सल्ला देईल? गावाला मिळणारे हे हातमोजे पांढरेच असणार.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. कागदावरून. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडलं होतं, तिथंच मारलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात लवंग्याला, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना त्याच संशयावरून पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. ते वाचले. दोन्हीकडे मारणाऱ्यांची समजूत एकच होती, आपण गावाची राखण करतोय.

चोऱ्यांची हवा उठली की आमच्याकडं अजून गस्त घालतात. पोरं काठ्या, बॅटऱ्या घेऊन निघतात, मोबाईलवर मेसेज फिरत असतात, चहा होतो, मजाही येते. गाळप हंगामात याच वेळी गावाबाहेरच्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात, ताडपत्रीच्या, दाराला कडी नाही, आत बायका-पोरं झोपलेली. मी पाहिलेल्या गस्तीचा रस्ता देवळापासून निघून वेशीपर्यंत जातो आणि तिथून परत फिरतो. कोप्या त्याच्या पलीकडे असतात. पोरं जाताना बॅटरीचा झोत एकदा तिकडं टाकतात, कोण जागं आहे ते बघायला.