मेघनाद साहा : शिक्षण आणि संशोधन

खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवरातली गावात झाला. वडिलांचे किराणा दुकान होते. गावापासून दूर असलेल्या शाळेत शिकताना एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतले, पण स्वतःचे ताट स्वतः धुवायचे आणि गाय सांभाळायची या अटीवर. १९०५ मध्ये गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकल्याने ढाक्यातील शाळा आणि शिष्यवृत्ती दोन्ही गेली. प्रेसिडेन्सी कॉलेजात सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र होते, जगदीशचंद्र बोस शिक्षक होते. वसतिगृहात मात्र साहांसोबत जेवायला सवर्ण मुलांची हरकत होती. अनेक लेखांत हा भाग एका ओळीत उरकला जातो. आम्हाला तो तसा उरकावासा वाटत नाही.

१९१५ मध्ये एम.एस्सी., १९१९ मध्ये डी.एस्सी. पुढच्याच वर्षी सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावरचा त्यांचा शोधनिबंध आला. ताऱ्यातील किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे तापमान आणि दाबावरून सांगणारे समीकरण त्यांनी दिले. ताऱ्यांचे वर्णपट वेगवेगळे दिसतात ते मुख्यतः तापमानामुळे, घटक वेगळे असतात म्हणून नव्हे, हे त्यातून उलगडले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी याच समीकरणाने ताऱ्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण काढले. साहांनी लंडनला फाउलर, बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत काम केले. १९२३ पासून पंधरा वर्षे ते अलाहाबादला प्राध्यापक होते. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९५२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून गेले.