चिरनेर आणि बक्षिसांचा बाजार

1954 साली मुंबईत मेट्रो थिएटरात फिल्मफेअरची पाचच बक्षिसं वाटली. आता सोहळे इतके, की कुणाला काय मिळालं ते पुढच्या पाळीपर्यंत आठवत नाही. साले चॅनलवालेच देतात, चॅनलवालेच घेतात!

तमाशातली विठाबाई नारायणगावकर. तिला राष्ट्रपतीचा मान मिळाला, तरी 2002 साली गेली ती तंगीतच. मग सरकारनं तिच्या नावानं पुरस्कार काढला. आधी औषधपाणी बघितलं असतं तर?

चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात नाग्या महादू कातकरी पडला. पुरस्काराच्या कुठल्या यादीत कातकरी असतो, सांगा. चिरनेरात मात्र त्याच तारखेला दरसाल माणसं स्मारकापाशी जमतात. तिकीट नाही, परीक्षक नाही.