काशीला जायला जुनी गाडी घेताय? आधी खालून बघा

केळशी (ता. दापोली) : भात झोडून झाले की केळशी, आंजर्ले, आडे भागात लांबच्या देवदर्शनाचे बेत ठरू लागतात. घरचे सहा-सात जण मिळून काशी करायची, तर भाड्याच्या गाडीपेक्षा जुनी सात सीटर घेतलेली बरी, असा हिशोब बरेच जण करतात. यात्रा झाली की गाडी घरात राहते, हे खरेच. पण केळशी ते काशी एका बाजूने दीड हजार किलोमीटरच्या वर पल्ला आहे. दापोलीच्या बाजाराला नीट जाणारी गाडी तिथवर जाईलच असे नाही. आडरानात गिअरबॉक्स गेला, तर गाडी स्वस्तात मिळाली याचा काय उपयोग?

किनाऱ्यावर गाडी इंजिनाआधी पत्र्याने मरते. खारा वारा खालचे लोखंड खातो आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायची. चासी, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, पायाखालच्या मॅटखालचा पत्रा, सगळे. पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचला आणि आत गेला तर गाडी सोडून द्यावी. खालून नुकताच काळा रंग मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या. दारांवर फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. गाडी पुळणीवर, समुद्राच्या पाण्यात घातली होती का, हेही विचारावे. पर्यटक हौसेने घालतात, त्याचे परिणाम पुढच्या मालकाला दिसतात.

दुसरी भीती पुराच्या गाडीची. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ सापडते. स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे नट, हेडलाइटच्या आतला ओलावा बघा. आत अत्तराचा वास फार येत असेल तर काहीतरी झाकलेले आहे. पुराच्या गाडीचे वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. लांबच्या प्रवासाला ती नकोच.

इंजिन थंड असताना चालू करून बघायचे. आपण पोचायच्या आत मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतेय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलेले असू शकते. ट्रायल गावातल्या पाखाडीत नको. चार माणसे बसवून खेडच्या बाजूला, जमले तर कुंभार्ली घाट चढून यावे. चढाला टेंपरेचरचा काटा वर जातो का, इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही असे होते का, हे तिथेच कळते. मुंबईच्या चाकरमान्याची गाडी किलोमीटरने कमी चाललेली असली तरी ट्रॅफिकमध्ये तिचा क्लच झिजलेला असतो. किलोमीटरच्या आकड्यावर तसाही भरवसा नको, पेडलचे रबर आणि कंपनीतली सर्व्हिसची नोंद जुळते का बघा.

पार्ट मिळतात का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. शेवरलेने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणे थांबवले, म्हणून तवेरा स्वस्तात मिळते. गाडी वाईट नाही, पण अनोळखी गावात तिचा पार्ट शोधत फिरावे लागेल. बोलेरो, अर्टिगा यांचा मेकॅनिक कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो. त्यासाठी वीस-तीस हजार जास्त गेले तरी चालतील.

कागद बघताना आरसी बुकावरचे नाव आणि चासी नंबर गाडीशी जुळवा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. खाजगी गाडीची १५ वर्षे भरत आली असतील तर फेरनोंदणीचा खर्च किमतीतून वजा करा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण महाराष्ट्रात आणताना तिकडची एनओसी आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेऊ नयेत. परमिट नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

गाडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी निघाले, असे करू नका. निदान महिनाभर इकडेच फिरवा, सात-आठशे किलोमीटर होऊ द्या, किरकोळ दोष दापोलीतच बाहेर पडतील. ऑइल, कूलंट, बेल्ट, ब्रेक लायनर बदलून घ्या. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचा टायर उन्हातल्या हायवेवर नको. स्टेपनीचाही आकडा बघा, तो कोणी बघत नाही. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून टाकून आपल्या नावाचा घ्या, म्हणजे टोलनाक्यावर वाद नको.