अटकेपार : सीमा ओलांडण्याचे दोन अर्थ

१/ मराठीत सीमा ओलांडण्याला दोन तोंडे आहेत. दसऱ्याचे सीमोल्लंघन मंगल मानले जाते. मर्यादेचे उल्लंघन मात्र दोष ठरते. हे दोन्ही अर्थ ज्या एका मोहिमेत एकत्र आले, तिच्यातूनच ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला.

२/ अटक हा सिंधूच्या काठावरचा, अकबराने बांधलेला किल्ला. पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे १,७०० किलोमीटर दूर. मराठीत ‘अटक’ म्हणजे अडथळा. सिंधू ओलांडू नये, अशी जुनी लोकसमजूतही या नावाला चिकटलेली होती.

३/ १७५७ च्या आरंभी अहमदशहा अब्दालीने दिल्ली लुटली आणि पंजाब आपला पुत्र तैमूरशहा व सेनापती जहानखान यांच्याकडे सोपवला. त्याच वर्षी रघुनाथरावांच्या फौजेने दिल्ली घेतली. मोहिमेचे पहिले उद्दिष्ट तेथेच साधले होते.

४/ मग पंजाबातून अदीना बेगचे बोलावणे आले. मार्च १७५८ मध्ये सरहिंद पडले. शीख पथकेही या लढाईत होती. एप्रिलमध्ये मराठे लाहोरात शिरले. तैमूरशहा आणि जहानखान सिंधूपलीकडे निघून गेले आणि मराठी तुकड्या अटकेपर्यंत पोहोचल्या. त्यापुढे पेशावरपर्यंत अंमल कितपत बसला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

५/ ४ मे १७५८ च्या पत्रात रघुनाथरावांनी नानासाहेब पेशव्यांना काबूल-कंदाहारचाही विषय लिहिला. विजयाचे स्वरूप असेच असते : एक सीमा ओलांडली की पुढची जवळ भासू लागते.

६/ पण प्रांत जिंकणे आणि राखणे यांचा हिशेब निराळा. पावसाळा तोंडावर होता. पंजाबच्या नद्यांना पूर आला, तर परतीची वाट अडणार होती. मुख्य फौज माघारी वळली. वार्षिक ७५ लाख रुपयांच्या कराराने सुभा अदीना बेगकडे दिला गेला. त्याच वर्षी तो मरण पावला. रघुनाथराव मोठा प्रदेश मिळवून परतले, पण सोबत खजिन्याऐवजी कर्ज आले.

७/ पुढे साबाजी शिंदे यांच्याकडे पंजाबची जबाबदारी आली. मात्र कुमक दूर आणि वसुली तुटपुंजी होती. १७५९ च्या उत्तरार्धात अब्दाली पुन्हा उतरला, तेव्हा मराठी ठाणी टिकली नाहीत. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. एक वर्ष आणि चार दिवसांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत घडले.

८/ म्हणून अटकेची मोहीम चूक होती, असा निकाल देणे सोपे आहे. पण तो अपुरा ठरेल. अब्दालीला पंजाबात मोकळे सोडले असते, तर दिल्ली सुरक्षित राहिली नसती. उणीव धाडसात नव्हती. जिंकलेल्या प्रदेशात कायम फौज, वसुलीची घडी आणि भरवशाचे मित्र उभे करण्यात ती राहून गेली.

९/ वाक्प्रचाराने झेंडा जपला, पण त्यामागचे कर्ज, पूर आणि रिकामी ठाणी त्याच्या स्मरणात राहिली नाहीत. ‘अटकेपार’ हा शब्द उच्चारताना अभिमान अवश्य असावा. मात्र जेथवर घोडे पोहोचतात, तेथवर राज्य पोहोचतेच असे नाही, याचेही भान असावे.