तळ्याच्या तळाशी खेळणारी मुलं

पुण्यात सारसबागेतल्या गणपतीला आम्ही जुनी माणसं अजूनही 'तळ्यातला गणपती' म्हणतो. पाच-सहा वर्षांच्या मुलासमोर हे नाव उच्चारून बघा. पुढचा प्रश्न ठरलेला : "आजी, तळं कुठंय?" देवळाभोवतालचं कमळांचं पाणी दाखवून वेळ मारून नेता येते, पण मुलांना ते पटत नाही. एवढ्याशा पाण्याला कोण तळं म्हणेल? म्हणून मी नातवंडांना हिरवळीवर उभं करते आणि मान वर करून रस्त्याकडे बघायला सांगते. बाग रस्त्याच्या बरीच खाली आहे. आपण उभे आहोत तो तळ्याचा तळ, आणि देऊळ आहे ते बेट! हे ऐकल्यावर माझ्या नातवानं नाक दाबून पोहायलाच सुरुवात केली होती. चाळीस मिनिटं इतिहास शिकवून जे साधत नाही, ते कधीकधी असं एका खळग्यात उभं राहून साधतं.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास पर्वतीच्या पायथ्याशी हे पाणी अडवून तळं करवलं आणि मध्ये जमिनीचा एक तुकडा राखून तिथे बाग केली. तळ्यात नाव सोडून पेशवे खलबतं करत, आणि बातमी फुटू नये म्हणून मराठी न समजणारे हबशी नावाडी ठेवलेले असत, असं सांगतात. खरंखोटं पर्वतीलाच ठाऊक. वर्गात मात्र ही गोष्ट कधी वाया गेली नाही. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा कान टवकारत.

बेटावर गणपतीची स्थापना झाली १७८४ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत. आता या सवाई माधवरावांचं वय काढून बघा. जन्म एप्रिल १७७४, पुरंदरावर. म्हणजे स्थापनेच्या वेळी हा श्रीमंत पेशवा दहा वर्षांचा, आमच्या हिशेबानं चौथी-पाचवीतला मुलगा! चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. वडील नारायणराव तर त्याच्या जन्माआधीच मारले गेले होते. कारभार नाना फडणिसांचा आणि नानांची नजर कडक.

या मुलाला जनावरांचा फार नाद. पर्वतीजवळ त्याचा शिकारखाना होता, त्यात सिंह होता, गेंडाही होता. त्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्याच कलावंतानं १७९० मध्ये काढलं. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. गंगाराम इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी काम करत असे. याच मॅलेटनं १७९२ मधली एक हकीकत लिहून ठेवली आहे. पेशव्यांनी त्याला पुण्याबाहेर शिकारीच्या जागी बोलावलं. वाद्यं वाजू लागली तसे चार काळवीट मोकळ्या रानातून एकेक पाऊल टाकत तंबूकडे आले, माणसांत उभे राहिले, आणि झोपाळ्यावर बसून त्यांनी झोके घेतले! हरणांना इतकं माणसाळवायला कित्येक महिने खर्ची पडले होते.

आपल्याला हसू येतं. मला मात्र हे वाचताना त्या अठराएक वर्षांच्या पेशव्याचंच मन दिसतं. सिंह होता, गेंडा होता, हरणांसाठी झोपाळा होता. पण संध्याकाळी चार पोरांत मिसळून, धूळ अंगावर घेऊन, 'आता माझी पाळी' म्हणून भांडायची सोय त्याला होती का? ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून खाली पडून त्याचा अंत झाला. वय एकवीस. पडला की उडी घेतली, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. मी त्यात पडत नाही.

पुढे पेशवाई गेली, तळ्याचं वैभव गेलं. पुणे महापालिका झाली १९५० मध्ये आणि तिनं १९५३ मध्ये, म्हणजे स्वतः जेमतेम तीन वर्षांची असताना, तळ्याशेजारी पेशवे पार्क उभं केलं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. नळ, गटारं, रस्ते, सगळीच कामं पडलेली असणार, तरी मुलांची बाग लांबणीवर टाकली नाही. जनावरं पुन्हा पर्वतीच्या सावलीत आली, फक्त या वेळी ती श्रीमंतांची नव्हती. तिकीट काढील त्याची होती. ८ एप्रिल १९५६ ला फुलराणी सुरू झाली, नाव बालकवींच्या कवितेचं आणि उद्घाटन एका शाळकरी मुलीच्या हस्ते. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांचा पहिला आगगाडीचा प्रवास या गाडीचा. निघायची तिथून आणि पोचायचीही तिथेच, पण त्या वयात त्यात काही खटकत नाही.

तळं कालांतरानं बुजलं आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस आजची सारसबाग आकाराला आली.

शिक्षिका झाल्यावर मी दर वर्षी चौथीच्या मुलांची सहल पेशवे पार्कात नेत असे. साठ मुलं, दोन बाई आणि सारखी मोजणी. एका वर्षी वाघाच्या पिंजऱ्यासमोर सगळे गप्प उभे होते. वाघ या गजापासून त्या गजापर्यंत फेऱ्या घालत होता. एका मुलीनं हळूच विचारलं, "बाई, तो कुठं निघालाय?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तो प्रश्न मात्र कित्येक वर्षं सोबत राहिला.

१९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि प्राण्यांना किती जागा हवी याचे नियम आले. कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान होतंच. तिथे मोठं प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्यानं तिकडे गेले. गंमत बघा, जनावरं गेली ती ओढ्याच्या उगमाकडे! माझ्या वयाचे लोक हळहळतात, पेशवे पार्कात आता काय राहिलं म्हणतात. मी या हळहळण्यात सामील नाही. पिंजरे गेले ते बरंच झालं. आणि मुलांना काय लागतं हो? घसरगुंडी, झोपाळा, थोडी माती, आणि आई-आजी जरा लांब बाकावर. वाघाची आठवण त्यांना नसते, ती आपल्याला असते. थंडीत गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, त्याचं कौतुक त्यांना वाघापेक्षा जास्त असतं.

मला खटकतं ते वेगळंच. आपण पाण्याची जागा घेतली, ती बागेसाठी घेतली तोवर ठीक होतं. बाग पाणी पिते, पाणी थोपवते, आणि उद्या ओसरल्यावर मुलं पुन्हा खेळू शकतात. पण वरपासून खालपर्यंत त्याच ओढ्याच्या काठी भिंती आल्या, घरं आली, पात्र आवळत गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, आणि त्या पावसात शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. 'ओढ्याला पूर?' असं दुसऱ्या दिवशी बरेच जण आश्चर्यानं विचारत होते. हाच ओढा अडवून नानासाहेबांनी नाव चालेल एवढं तळं केलं होतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकात पानिपत होतं, अटक होतं. आंबिल ओढा नव्हता.

म्हणून एक सुचवते. सुट्टीत मुलांना घेऊन सारसबागेत जाल तेव्हा गणपती करा, झोपाळे करा, बाहेर भेळ खा. मग पाय दुखत नसतील तर दांडेकर पुलापर्यंत चालत जा. खाली वाहतो तो आंबिल ओढा. बहुतेक वेळा एवढीशी काळपट धार असते. मुलांना कठड्यावरून खाली बघू द्या, हे पाणी कुठून येतं ते विचारू द्या. हात मात्र घट्ट धरून ठेवा, रहदारी फार असते तिथे.