बेदरच्या तटाआड

बेदरला जाणाऱ्या प्रवाशास प्रथम तेथील रंगच दिपवतो. पठाराची माती तांबडी, घरांच्या भिंती तांबड्या, तटही तांबडाच. जांभ्याच्या त्या विस्तीर्ण माळावर हे शहर कोणी बांधले नसून जमिनीतूनच वर काढले असावे, असे वाटते. किल्ल्याच्या खंदकापाशी तर हा भास निम्मा खरा ठरतो. तेथे एकापुढे एक असे तीन खंदक सलग खडकात खोदलेले असून मधल्या भिंतीही त्याच खडकाच्या राखून ठेवलेल्या आहेत. शहरालाही स्वतंत्र तट असून त्याला शहागंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन आणि तळघाट असे पाच दरवाजे आहेत. मधोमध चौबारा नावाचा ७१ फूट उंचीचा वाटोळा बुरूज आहे. शहरातील मुख्य रस्ते त्याच्यापाशी येऊन मिळतात.

इ. स. १४२२ मध्ये गादीवर आलेल्या अहमदशहा बहामनीने गुलबर्गा सोडून येथे राजधानी आणली. जागा उंच, पाणी चांगले आणि मराठी, कानडी व तेलुगु या तिन्ही मुलखांचा हा सांधा. एवढी कारणे पुरेशी असताना आख्यायिकांच्या मागे लागण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

ही राजधानी भर वैभवात असताना एका परक्या माणसाने पाहिली व तिचे टिपण करून ठेवले, हे आपले भाग्य. अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी चौलास उतरला, जुन्नरला पावसाळाभर अडकला आणि १४६९ च्या सुमारास बेदरास पोचला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेऊन धर्मांतराची अट घातली होती; घोडा परत मिळाला, धर्मही राहिला. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे असून प्रत्येक दरवाजावर पहारेकऱ्यांबरोबर लेखनिकही बसलेले असतात, आत जाणाऱ्याचे व बाहेर येणाऱ्याचे नाव टिपले जाते, असे तो सांगतो. पण त्याची दुसरी एक नोंद आम्हांस अधिक मोलाची वाटते. उमराव रुप्याच्या पलंगावरून मिरवतात आणि खेड्यांतली माणसे मात्र अतिशय हलाखीत आहेत, हे त्या फिरत्या सौदागराच्या नजरेतून सुटले नाही. दरबारी तवारिखकारांना ते दिसले नसेल असे नाही. लिहिण्याजोगे वाटले नसेल.

निकितिन ज्याला मलिक-उत्-तुजार या किताबाने ओळखतो, तो ख्वाजा महमूद गावान. त्याचा मदरसा पाहण्यासाठीच माणसाने बेदरला जावे. १४७२ च्या सुमारास पुरी झालेली ही तीन मजली इमारत, तिच्यातील विद्यार्थ्यांच्या खोल्या, व्याख्यानांची दालने, मशीद आणि ग्रंथालय पाहत हिंडताना समरकंद-खुरासानकडील विद्यापीठांचा नमुना कोणीतरी जसाच्या तसा दख्खनच्या माळावर आणून ठेवला आहे असे वाटते. दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या कौलांचे जडावकाम होते. त्याचे तुकडे अजून उन्हात चमकतात. पुढच्या दोन मिनारांपैकी एकच उभा आहे.

गावान मूळचा इराणातील गिलानचा. १४५३ मध्ये तो व्यापारासाठी दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे सर्व राज्याचा वजीर झाला. त्याने चार तरफांच्या आठ तरफा केल्या, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या किल्लेदारांकडे दिले व जमिनीची मोजणी करविली. उमरावांचे पंख असे छाटले जाऊ लागल्यावर ते स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्यांत दख्खनी आणि आफाकी, म्हणजे देशी मुसलमान आणि बाहेरून आलेले, यांचे जुने वैर होतेच. दख्खनी पक्षाचा म्होरक्या मलिक हसन हा, फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या कुळातला. गावानच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून एक बनावट पत्र लिहिले गेले आणि ते मद्यधुंद सुलतानापुढे आले. शिक्का माझा, पत्र माझे नव्हे, एवढेच वजिराने सांगितले. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत त्याचा शिरच्छेद झाला. मागाहून खजिना तपासला, तर त्यात फारसे काही निघाले नाही! सुलतान वर्षभरातच मेला. पुढे ज्यांनी राज्य वाटून घेतले त्यांत मलिक हसनचा मुलगा अहमद होता, अहमदनगर त्याचेच.

महाराष्ट्रीय वाचकाने या पुरुषाकडे कसे पाहावे? शिर्क्यांनी खेळण्याच्या रानात ज्या बहामनी सैन्याचा फडशा पाडला, त्याचा सूड घेण्यासाठी कोकणात उतरलेला हाच गावान. खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, त्याने घेतला आणि १४७२ मध्ये गोवेही घेतले. त्याच्या स्वाऱ्यांत सह्याद्रीतील रयतेने काय सोसले ते कोणत्याही मदरशाने भरून येणारे नाही. तरीही दरबारात राहून हात स्वच्छ ठेवणारा आणि पैसा ग्रंथांवर खर्चणारा वजीर त्या शतकात दुर्मीळच होता, हे नाकारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि इतिहासलेखकाने त्यांतले एक पुसून टाकू नये.

आपल्या लोकांनी मात्र बेदर लक्षात ठेवले ते गावानमुळे नव्हे, दामाजीपंतांमुळे. मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दुष्काळात रयतेस लुटवून देणारा हा कमाविसदार, आणि त्याच्यासाठी बादशहापुढे थैली रिती करणारा विठू महार! महिपतीने गायिलेल्या या कथेला दप्तरी पुरावा मागणे व्यर्थ आहे. पण धान्य कोठारात असून माणसे उपाशी मरत होती, ही तिची बैठक निकितिनच्या नोंदीशी किती जुळते! एकाने ते रस्त्यावरून पाहिले, दुसऱ्याने कीर्तनातून सांगितले.

तटाने शहर राखले काय? १६५७ मध्ये औरंगजेबाने वेढा दिला तेव्हा आदिलशाहीचा वृद्ध किल्लेदार सिद्दी मर्जान शर्थीने लढला. पण एका बाणाची ठिणगी बुरुजामागच्या दारूसाठ्यात पडली, तो व त्याचे मुलगे होरपळले आणि किल्ला गेला. नंतर मोगलांनी मदरशात लष्कर आणि दारू ठेवली. १६९६ मध्ये तिचा स्फोट होऊन मिनार व दर्शनी भागाचा मोठा हिस्सा उडाला. ग्रंथांच्या जागी दारू ठेवण्याची ही बुद्धी कोणा एका बादशहाची मिरास नाही, एवढेच येथे म्हणतो.

किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या दगडावर शिंपल्यांचे जडावकाम आहे; ते सकाळच्या उजेडात पाहावे. तेथून परतताना गावातील बिदरी कारागिरांकडेही अवश्य जावे. जस्त-तांब्याच्या भांड्यावर ते रुप्याची तार ठोकून बसवितात आणि शेवटी नवसागर व किल्ल्यातील जुनी माती यांच्या उकळत्या पाण्यात ते भांडे बुडवितात. क्षणात जस्त काळेभोर होते, रुपे तसेच पांढरे राहते. माती योग्य आहे की नाही हे कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवितात. उन्हापावसाने धुतलेली माती चालत नाही. वर्षानुवर्षे छपराखाली कोरडी राहिलेलीच लागते. म्हणून ते अजून पडक्या वाड्यांच्या आडोशाला ती उकरीत असतात.