आयईटीएफमधील योगदानांचे प्रताधिकार

इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स (संक्षेपाने आयईटीएफ) ही आंतरजालाची तांत्रिक मानके घडवणारी संघटना आहे. तिचे दस्तऐवज 'आरएफसी' या क्रमांकित मालिकेत प्रसिद्ध होतात. ही मालिका १९६९ पासूनची, म्हणजे १९८६ मध्ये सुरू झालेल्या आयईटीएफहूनही जुनी आहे. मसुदे लिहिणारे स्वेच्छेने लिहितात. पण त्यांपैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या कंपनीचे नोकरदार असतात. जुने मानक सुधारताना आधीच्या लेखकांची वाक्ये हाती घ्यावीच लागतात. ती बदलण्याची मुभा कोणाला, हा प्रश्न त्यामुळे अटळ ठरतो.

योगदान आणि परवाना

'योगदान' या संज्ञेत मसुद्याबरोबरच चर्चेतील ईमेल आणि बैठकीत तोंडी मांडलेले म्हणणेही येते. मजकुराचा प्रताधिकार मूळ धारकाकडेच राहतो. आयईटीएफला मिळतो तो केवळ वापराचा परवाना. लेखक तोच मजकूर अन्यत्रही छापू शकतो. हक्क कंपनीकडे असतील, तर तिची संमती मिळवणे ही योगदान करणाऱ्याची जबाबदारी असते. पेटंटांचे नियम वेगळे असून ते येथे लागू होत नाहीत.

२००८ मधील बदल

मार्च २००५ मधील आरएफसी ३९७८ नुसार मजकुरात फेरबदल करण्याची परवानगी आयईटीएफच्या मानकप्रक्रियेपुरतीच होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे हक्क सांभाळण्यासाठी आयईटीएफ ट्रस्ट स्थापन झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये आरएफसी ५३७८ ने परवान्याची कक्षा वाढवली. प्रक्रियेबाहेरही फेरबदलांना संमती देता येईल, असा अधिकार लेखकांकडून ट्रस्टला मिळू लागला. ट्रस्टने तो जपूनच वापरला. दस्तऐवजांतील संगणकीय कोड बीएसडी परवान्याखाली खुला झाला. उरलेला मजकूर मात्र जसाच्या तसा प्रसृत करता येतो किंवा इंग्रजीखेरीज अन्य भाषांत अनुवादित करता येतो. एखाद्या आरएफसीचा मराठी अनुवाद करू इच्छिणाऱ्यास सर्वसाधारणपणे स्वतंत्र परवानगी मागावी लागत नाही, ती यामुळेच.

अडचण जुन्या मजकुराने आणली. नवा मसुदा सादर करणाऱ्याला त्यातील संपूर्ण मजकुरासाठी विस्तारित परवाना देणे भाग होते. परंतु आधीच्या लेखकांनी तो दिलेलाच नव्हता. त्यांना गाठावे, तर कोणी नोकरी बदललेली, कोणाची कंपनी दुसरीत विलीन झालेली. आरंभीच्या अनेक आरएफसींचे लेखक आणि मालिकेचे संपादक जॉन पोस्टेल यांचे तर १९९८ मध्येच निधन झाले होते. नियम करताना हा पूर्वसंचय पुरेसा विचारात घेतला गेला नव्हता, असेच म्हणावे लागते.

फेब्रुवारी २००९ मध्ये ट्रस्टने तोडगा काढला. १० नोव्हेंबर २००८ पूर्वीचा मजकूर ज्यात असेल, अशा मसुद्यावर लेखकांनी ठरावीक टीप जोडावी: काही भागाच्या हक्कधारकांनी प्रक्रियेबाहेरील फेरबदलांस संमती दिलेली नसण्याची शक्यता आहे. टीप असलेल्या दस्तऐवजावर आयईटीएफमध्ये पूर्ववत काम करता येते. बाहेरच्या कोणाला त्यात फेरबदल करायचे असल्यास, त्याने जुन्या हक्कधारकांची संमती स्वतःच मिळवायची असते.